शेवटचे दोनशे मीटर: महाकाय जहाज धक्क्याला लावतात कसं?

खाडीकर (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये 'एमएससी इरिना' केरळातल्या विझिंजम बंदराला लागली, तेव्हापासून इथे दोन-तीन धाग्यांवर एकच प्रश्न फिरतोय. ३९९.९ मीटर लांब, ६१.३ मीटर रुंद, २४,३४६ टीईयू (म्हणजे वीस फुटी कंटेनर) क्षमतेचं जहाज धक्क्यावर न आपटता थांबतं कसं? मी आधी जहाजावर डेक ऑफिसर होतो, आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका तेलाच्या जेट्टीवर असतो. जहाजं लावून घेणं हेच रोजचं काम आहे, तेव्हा म्हटलं स्वतंत्र धागाच काढावा.

मुळात जहाज नाक धक्क्याकडे करून आत घुसत नाही. पायलट, म्हणजे बंदराच्या पाण्याची माहिती असलेला आणि बाहेरून जहाजावर चढणारा वाटाड्या, ते धक्क्याला समांतर आणतो आणि एक-दोन जहाजांच्या रुंदीइतकं अंतर ठेवून जवळजवळ उभं करतो. तिथून पुढचा प्रवास आडवा. टग (छोट्या ताकदवान बोटी) बाजूने ढकलतात, पुढचा बो-थ्रस्टर (नाकाजवळ पाण्याखाली बसवलेला आडवा पंखा) मदत करतो आणि जहाज हळूहळू धक्क्याकडे सरकतं. खरी कसोटी इथे असते.

या टप्प्यात अंतर कळणं सोपं, वेग कळणं कठीण. मोठं जहाज टेकताना आडवा वेग सेकंदाला १० सेंटीमीटरच्या आत हवा. म्हणजे ताशी ०.३६ किलोमीटर. रांगतं मूल याहून जोरात जातं. पाण्यापासून चाळीस-पन्नास मीटर उंचावर, ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) विंगवर, म्हणजे बाजूच्या सज्जावर, उभ्या असलेल्या माणसाला सेकंदाला १० सेंटीमीटर आणि २० सेंटीमीटर यांतला फरक डोळ्यांनी सांगता येत नाही, रात्री तर नाहीच. जेट्टीला मात्र तो फरक फार महागात पडतो, कारण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

म्हणून तेल आणि एलएनजीच्या जेट्ट्यांवर लेझरचे दोन डोळे बसवलेले असतात, एक जहाजाच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) बाजूला, एक वरामाच्या (मागच्या टोकाच्या) बाजूला. साधारण दोनशे मीटरवरून ते जहाजाच्या अंगावर किरण मारतात आणि दोन्ही टोकांचं अंतर, वेग आणि जहाज किती तिरकं आहे ते सतत मोजतात. जेट्टीवर मोठा फलक असतो. त्यावर दिव्यांचे आकडे, सोबत हिरवा, पिवळा, लाल. ब्रिजवरून पायलट ते सरळ वाचतो.

प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. फलकावर पुढे ४२ मीटर, १२ सेंटीमीटर. मागे ३८ मीटर, ७ सेंटीमीटर. याचा अर्थ नाळ वरामापेक्षा जोरात आत येतेय. पायलट वॉकीटॉकीवर पुढच्या टगला 'स्टॉप पुशिंग' म्हणतो. लगेच काही होत नाही. आकडा १२ वरच असतो, मग ११, मग बराच वेळ १०. तेवढ्यात मागच्या टगला 'पुश इझी'. हळूहळू दोन्हीकडे ८ येतात आणि जहाज समांतर होतं. पुढे २० मीटरवर ६, पाच मीटरवर ४. टेकल्याचा आवाजही येत नाही, फक्त फेंडर (धक्क्याला लावलेल्या रबरी गाद्या) दबताना दिसतात. बर्थिंग असं झालं पाहिजे आणि बहुतेक वेळा होतं.

या यंत्रांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

फेंडरवाला

छान धागा. मी धक्के आणि जेट्ट्यांच्या डिझाइनमध्ये आहे, म्हणून ऊर्जेचा हिशोब मांडतो.

जहाज मालासकट दोन लाख टनांचं धरा, वेग सेकंदाला १० सेंटीमीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे १,००० किलोज्यूल. पण आडवं सरकणारं जहाज सभोवतालचं पाणीही सोबत ओढत आणतं. जहाज थांबलं तरी ते पाणी ढकलतच असतं. त्यासाठी हा आकडा दीड ते पावणेदोनपट धरावा लागतो. तळाखाली पाणी कमी असेल तर आणखी जास्त. दुसरीकडे, जहाज सहसा एका टोकाने आधी टेकतं आणि त्या टेकण्याभोवती फिरतं, त्यामुळे बरीच ऊर्जा, ढोबळमानाने निम्मी, फिरण्यात जाते. उरलेली फेंडरने गिळायची.

वेग २० सेंटीमीटर झाला की हे सगळं चौपट. कुठलाही फेंडर चौपटीसाठी बनवत नाहीत. त्यात राखीव ताकद असते, पण ती अपघाती धडकेसाठी.

फेंडर म्हणजे नुसतं रबर नव्हे. मोठ्या धक्क्यांवर शंकूच्या आकाराचे जाड रबरी फेंडर असतात. त्यांच्या पुढे पोलादी चौकट, चौकटीवर घसरण्यासाठी गुळगुळीत प्लास्टिकच्या फळ्या. चौकट मोठी का? जहाजाच्या कुशीचा पत्रा दिसतो तेवढा मजबूत नसतो. जोर एका ठिकाणी एकवटला तर धक्का शाबूत राहील आणि जहाजाला पोचा पडेल. याच कारणाने टगने कुठे ढकलायचं त्या जागा जहाजाच्या अंगावर रंगवलेल्या असतात, कारण तिथे आतून आडव्या-उभ्या फ्रेम असतात.

'पियांक' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेवर जगभर फेंडर डिझाइन होतात. २००२ ची मार्गदर्शिका बरीच वर्षं चालली, २०२४ मध्ये नवी आली.

उरणची_शेवंती

खाडीकर दादा, एक शंका. न्हावा-शेव्याला कंटेनरच्या धक्क्यावर असले आकड्यांचे फलक कधी पाहिले नाहीत. तिथे मग काय करतात?

खाडीकर

ताई, नेमकं निरीक्षण आहे. तेलाच्या जेट्टीवर जहाज दर वेळी त्याच जागी लागतं, कारण जहाजाचा मॅनिफोल्ड (नळांची तोंडं) जेट्टीच्या लोडिंग आर्मसमोर (माल घेणाऱ्या हलत्या नळांसमोर) यायलाच हवा. त्यामुळे लेझर कुठे बसवायचा ते ठरलेलं असतं. कंटेनरचा धक्का म्हणजे लांबच लांब सरळ भिंत. आज तिथे ४०० मीटरचं जहाज, उद्या त्याच जागेत दोन लहान. वर काठावर क्रेनचे रूळ. ठरावीक जागी बसवलेल्या दोन डोळ्यांचा तिथे उपयोग कमी.

तिथे पायलट आपलं यंत्र सोबत घेऊन येतो. त्याला पोर्टेबल पायलट युनिट म्हणतात, बोलताना पीपीयू. एक टॅब आणि दोन छोटे अँटेना. अँटेना ब्रिजच्या विंगवर ठेवायचे. किनाऱ्यावरच्या संदर्भ केंद्राकडून दुरुस्ती मिळत राहते, म्हणून स्थान काही सेंटीमीटरांपर्यंत अचूक मिळतं. दोन अँटेनांमधल्या दिशेवरून जहाजाचं तोंड नेमकं कुठे आहे तेही कळतं. टॅबवर नकाशा, त्यावर जहाजाची बाह्यरेषा आणि याच वेगाने गेलं तर पुढच्या काही मिनिटांत ते कुठे असेल याच्या पुढच्या बाह्यरेषा. नाळेचा आणि वरामाचा आडवा वेग वेगवेगळा दिसतो.

अँटेना स्वतःचे का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, कारण जहाजाच्या एआयएसला (आपलं स्थान आणि ओळख रेडिओवरून सांगणाऱ्या यंत्राला) जोडायला 'पायलट प्लग' असतोच. पण त्यातून येतात ती जहाजाचीच माहिती आणि जहाजाच्याच चुका. जीपीएसचा अँटेना नाळेपासून किती अंतरावर आहे हा आकडा एआयएसमध्ये चुकीचा भरलेला असेल तर नकाशावरचं अख्खं जहाज काही मीटर सरकलेलं दिसतं. जायरोत (जहाजाच्या दिशादर्शकात) फक्त एक अंशाची चूक असेल तर ४०० मीटरच्या जहाजाचं दुसरं टोक ७ मीटर भलतीकडे दिसेल. धक्का २० मीटरवर असताना ७ मीटर म्हणजे खूप झाले.

टंडेलाचा_मुलगा

यंत्रांबद्दल सगळे लिहितायत, मी टगबद्दल लिहितो. वडील गुहागरकडचे, सारी हयात टगवर गेली. मीही टगवरच आहे.

आताचे टग जुन्या टगांसारखे नाहीत. एएसडी टगला खाली दोन प्रॉपेलर असतात आणि दोन्ही गोल ३६० अंश फिरतात. पुढे, मागे, आडवं, जागच्या जागी गिरकी, जे सांगाल ते. ताकद टनांत सांगतात, तिला बोलार्ड पुल म्हणायचं. बंदरातला बरा टग ५०-६० टनांचा. पायलट 'हाफ' म्हणाला की अंदाजे निम्मा जोर, 'फुल' म्हणाला की सगळा. पण टगच्या मास्टरला (कप्तानाला) हातातून जोर कळावा लागतो. कुशीला टेकताना धपकन टेकलात तर पायलटच्या आकड्यात फरक पडतो आणि शिव्या बसतात, त्या बरोबरच असतात.

जहाज अजून ६-७ नॉटवर (ताशी ११-१३ किलोमीटर) असताना दोरी घ्यायची तो भाग सर्वांत धोक्याचा. टग जहाजाच्या नाळेखाली, वरून हीव्हिंग लाइन (जाड दोर ओढून घ्यायची फेकलेली बारीक दोरी) येतेय, दोन्ही चालती. जहाजाच्या नाळेभोवतीचं पाणी टगला कधी ढकलतं, कधी ओढतं. इथे मास्टर अनुभवी हवा, बाकी यंत्रं दुय्यम.

मकरंद_पुणे

वाऱ्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी मांडून पाहिलं. ४०० मीटर लांब जहाज, वर कंटेनरचे थर, पाण्यापासून सरासरी उंची ३७-३८ मीटर धरली तर वाऱ्यासमोर १५,००० चौरस मीटरची भिंत झाली. २० नॉट वारा बरोबर आडवा आला तर जोर येतो साधारण १०० टन. ३० नॉटला तोच सव्वादोनशेच्या घरात. ६० टनांचे तीन टग लावले तरी १८० टनच! हिशोब बरोबर आहे का?

खाडीकर

मकरंद, हिशोब बरोबर. म्हणूनच प्रत्येक बंदराची मोठ्या जहाजांसाठी वाऱ्याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की जहाज बाहेर नांगरावर थांबतं. बो-थ्रस्टर आहे की, असं काही जण म्हणतील. पण जहाज ४-५ नॉटच्या वर असेल तर बो-थ्रस्टरचा परिणाम जवळजवळ जातो. वेग कमी केला की थ्रस्टर चालतो, पण मग वारा जास्त वाहवतो. पायलटला या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते.

वजन नसलेलं जहाज आणखी अवघड. ६ एप्रिल २०२० ला दक्षिण कोरियात बुसानला 'मिलानो ब्रिज' हे मोठं कंटेनर जहाज धक्क्यावरच्या क्रेनला धडकलं आणि अख्खी क्रेन कोसळली. जहाज जवळजवळ रिकामं होतं, त्यामुळे प्रॉपेलरचा काही भाग पाण्याबाहेर होता आणि आत येतानाचा वेगही जास्त होता. अर्धवट बुडालेला प्रॉपेलर पुरेसा जोर देत नाही आणि सुकाणूवर पाण्याचा झोतही पडत नाही. वेग आवरायला आणि जहाज वळवायला तीच दोन साधनं.

मुग्धा_व्हीटीएस

मी एका बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात काम करते, म्हणजे व्हीटीएस. समोर रडार, एआयएस, कॅमेरे, व्हीएचएफ. आम्ही जहाज चालवत नाही. कोण कुठे आहे, कुणाला आधी येऊ द्यायचं, कुणाची भरतीची वेळ किती उरली आहे, हे सांगतो. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वरखाली होते. खोल बसलेलं जहाज भरती साधूनच आत येतं, आणि तीस किलोमीटरहून लांब वाट कापून धक्क्यापर्यंत पोहोचेतो पाणी पुरायला हवं. शिवाय जहाज उथळ पाण्यात वेगाने जातं तेव्हा ते आणखी खाली बसतं. त्याला स्क्वॉट म्हणतात आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेळ गाठायला वेग वाढवला तर तळ जमिनीला लागायची भीती, कमी केला तर भरती निघून जाते. ऑस्ट्रेलियात १९९३ पासून लाटा, भरती, स्क्वॉट असं सगळं मिळून तळाखालचं पाणी वेळोवेळी मोजणारी प्रणाली वापरतात. तशी गणितं आता अनेक बंदरं करतात.

मुंबईकर हे ७ ऑगस्ट २०१० विसरणार नाहीत. 'एमएससी चित्रा' न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होतं, 'खलिजिया-३' मुंबईकडे येत होतं. दोघांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि वाहतुकीच्या वाटेत तरंगू लागले, तेल किनाऱ्याला लागलं. दोन्ही बंदरांची समुद्राकडची वाट एकच, त्यामुळे दोन्ही बंदरं काही दिवस ठप्प. जहाज सुखरूप धक्क्याला लागायचं तर आधी ते वाटेत सुखरूप असायला हवं, म्हणून हे या धाग्यावर लिहिते आहे. दोन जहाजांमध्ये वेळेवर आणि स्पष्ट बोलणं झालं पाहिजे, यासाठी आम्ही रोज आरडाओरडा करतो.

किरण_रॉटरडॅम

मी इथे टर्मिनलवर नोकरी करतो. जहाज टेकलं म्हणजे काम संपलं असं समजू नका, बांधणं राहतं. रॉटरडॅममध्ये दोऱ्या घेणाऱ्यांची १८९५ पासूनची संघटना आहे, केआरव्हीई. त्यांनीच 'शोअरटेन्शन' नावाचं उपकरण तयार केलं. धक्क्यावर एक हायड्रॉलिक सिलिंडर, त्यातून दोर जहाजाला. शेजारून दुसरं मोठं जहाज गेलं किंवा वारा वाढला की बांधलेलं जहाज पुढे-मागे झुलतं. साधा दोर आधी ढिला पडतो आणि मग झटक्याने ताणतो. हा सिलिंडर दोराचा ताण कायम एकसारखा ठेवतो. झटकाच बसत नाही, म्हणून दोर तुटायचा धोका कमी.

ओमानच्या सलालामध्ये तर दोराऐवजी व्हॅक्यूमच्या मोठ्या पॅडनी जहाज धरून ठेवतात, कारण तिथे लांब लाटांमुळे जहाज धक्क्याला लागूनही हलत राहायचं.

तुटलेला दोर उलटून येतो त्याला स्नॅपबॅक म्हणतात. त्याच्या वाटेत माणूस असेल तर तो वाचणं कठीण. जगात आजही या अपघातात खलाशी मरतात.

टंडेलाचा_मुलगा

किरणदादा, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहा. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नका हे नव्या पोरांना हजारदा सांगावं लागतं.

रोहित_आयटी

एवढे सेन्सर आहेत, तर पायलटची गरज किती दिवस? गाडी स्वतः पार्क होते, जहाज का नाही?

खाडीकर

रोहित, होतंय, पण कुठल्या जहाजाचं ते बघ. २०१८ मध्ये नॉर्वेत 'फोल्गेफोन' नावाची सुमारे ८५ मीटरची फेरी आपोआप धक्क्याला लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिनलंडच्या 'फाल्को' फेरीने संपूर्ण फेरा स्वयंचलित करून दाखवला. जानेवारी २०२२ मध्ये जपानमध्ये 'मिकागे' हे कंटेनर जहाज त्सुरुगाहून साकाईला स्वतः गेलं, आणि तिथे बांधण्याची पहिली दोरी धक्क्यावर ड्रोनने पोहोचवली. मला यात खरा आनंद आहे. पण ही लहान जहाजं. फेरी तर रोज त्याच दोन धक्क्यांमध्ये जाते आणि तिला बाहेरच्या टगची गरज नसते. आपल्या ४०० मीटरच्या जहाजाला बाहेरून तीन-चार टग ढकलत असतात, प्रत्येकावर वेगळा मास्टर. जहाज या बंदरात कदाचित पहिल्यांदाच आलेलं. त्या सगळ्यांना एकाच यंत्राने चालवणं आज तरी होत नाही.

आणि इंजिनच बंद पडलं तर? ७ मे २०१३ च्या रात्री इटलीत जेनोवाला 'जॉली नेरो' बाहेर पडताना धक्क्यावरच्या पायलटांच्या मनोऱ्यावर आदळलं. ऐन वेळी इंजिन सुरू झालं नाही. मनोरा कोसळला, नऊ माणसं गेली. सोबत टग होते, पायलट होता. सगळी मोजमापं बरोबर असली तरी जहाजाला जोर द्यायला काहीतरी हवं. म्हणून माझा आग्रह आहे की टगच्या संख्येत आणि ताकदीत काटकसर करू नये.

मुग्धा_व्हीटीएस

जीपीएसची गडबड हाही मुद्दा घ्या. मे २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' रुतलं, त्यामागे जीपीएसमध्ये झालेला हस्तक्षेप असल्याचं विश्लेषकांचं म्हणणं. पीपीयू उपग्रहांवरच चालतं.

खाडीकर

हो, म्हणून जेट्टीवरचा लेझर मला मोलाचा वाटतो. त्याचा उपग्रहाशी संबंध नाही. जहाजाचा स्वतःचा डॉपलर लॉगही तसाच, तो पाण्याखालून आवाजाच्या लहरी सोडून आडवा वेग मोजतो.

पण लेझरची काळजी घ्यावी लागते. काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो, तो पुसला नाही तर आकडे उड्या मारतात. मुसळधार पावसात किरण कमी पोहोचतो. काळ्या रंगाचं जहाज किरण कमी परतवतं. भरती-ओहोटी आणि माल यांनुसार जहाज वरखाली असतं, त्यामुळे किरण कधी नेमका नाळेच्या बाहेर झुकलेल्या भागावर पडतो, आणि अंतर खऱ्यापेक्षा वेगळं येतं. जेट्टीवरच्या माणसाने जहाज येण्याआधी काच पुसणं, फलकाचे सगळे दिवे पेटवून पाहणं आणि ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते) विचारणं, ही तीन कामं टाळू नयेत. यंत्र बसवायला पैसे मिळतात, पण ते सांभाळायला लागणारा माणूस मागितला की कागद फिरत राहतात. असं अनेक ठिकाणी चालतं आणि मला त्याचा राग येतो.

दापोलीकर

दाभोळच्या एलएनजीबद्दल ऐकलं होतं की पावसाळ्यात जहाजच लागायचं नाही. तिथे ही यंत्रं नव्हती का?

फेंडरवाला

तो प्रश्न यंत्रांचा नव्हता. ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) अपुरा राहिला, त्यामुळे मान्सूनच्या लाटा थेट जेट्टीपर्यंत यायच्या आणि वर्षानुवर्षं पावसाळ्यात एलएनजीची जहाजं लावता येत नव्हती. जहाज लाटेवर वरखाली होत असताना वेग ६ सेंटीमीटर दाखवला तरी लोडिंग आर्म जोडलेला ठेवता येत नाही. आधी शांत पाणी लागतं, लेझर त्यानंतर. वाढवणचं बंदर होणार आहे, तिथेही ब्रेकवॉटरवरच सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागेल. २० मीटर नैसर्गिक खोली ही जमेची बाजू, पण किनारा उघडा आहे.

कॅडेट_सिंधुदुर्ग

नमस्कार, मी डेक कॅडेट आहे, पहिलंच जहाज. पायलट चढतो त्या शिडीबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे ती मला बांधायला देतात.

खाडीकर

मित्रा, बरं झालं विचारलंस. पायलट जखमी झाला तर वरचं सगळं तंत्रज्ञान जहाजावर पोहोचतच नाही.

पाण्यापासून चढायची उंची ९ मीटरच्या वर असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, ती गँगवेला (जहाजाच्या कुशीला लावलेल्या तिरक्या जिन्याला) जोडून 'काँबिनेशन' लावावी लागते. शिडी पूर्ण लांबी सोडून लटकवत नसशील, मधेच बांधत असशील, तर भार बाजूच्या दोरांवर आला पाहिजे. दोन्ही बाजूंना रोलिंग हिच (दोरावर आवळून बसणारी गाठ) बांध आणि ते डेकवरच्या मजबूत कड्याला पक्कं कर. बरेच जण शॅकल (लोखंडी कडी) पायरीखाली अडकवून मोकळे होतात. तसं केलं की सगळा भार पायरीवर आणि तिच्या शिवणीवर येतो, आणि ती निसटते. पायऱ्या आडव्या आहेत ना, कुठे रंग फासलेला नाही ना ते बघ, कारण रंगाखालची चीर दिसत नाही. ट्रिपिंग लाइन (शिडी वर ओढायची दोरी) लावलीच तर शेवटच्या स्प्रेडरच्या (लांब पायरीच्या) वर बांध आणि ती जहाजाच्या नाळेकडे जाऊ दे, नाहीतर पायलट बोट तिच्यात अडकते. हाताशी लाइफबॉय आणि दिवा तयार ठेव. पायलटची बॅग वेगळ्या दोरीने वर घ्यायची, त्याच्या पाठीवर नाही. त्या बॅगेत पीपीयू असतं, ते रेलिंगवर आपटू देऊ नकोस.

कॅडेट_सिंधुदुर्ग

आभारी आहे सर. आमच्याकडे शॅकलच लावतात. बोसनशी (खलाशांच्या मुकादमाशी) आज बोलतो.

खाडीकर

बोल, आणि तो ऐकत नसेल तर चीफ मेटला (कप्तानाखालच्या मुख्य अधिकाऱ्याला) सांग. पायलटला शिडी चुकीची दिसली तर तो चढायला नकार देऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे, आणि मग जहाज भरती गेल्यावर बाहेरच थांबतं. हे चीफ मेटला लगेच पटेल.